आजोबांचं पिंप

१

परीक्षक यायचे त्या सकाळी उस्तादांनी गुळगुळीत दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि कोठाराचं कुलूप उघडलं. आत आजोबांचं पिंप नेहमीसारखं लाकडी घोडीवर आडवं होतं. तोटी मात्र पूर्ण उघडी होती. उस्तादांनी पिंपाच्या पोटावर बोटांनी टकटक केलं, तर ते ढोलासारखं वाजलं.

पिंप रिकामं होतं.

ते असं तसं पिंप नव्हतं. उस्तादांच्या आजोबांनी डोंगरउतारावर दगडी बांध घालून जर्दाळूची बाग उभी केली आणि त्या झाडांच्या फळांचा पहिला अर्क याच पिंपात भरला. तेव्हापासून दर हंगामात त्यातला थोडा काढायचा आणि नव्यातला उत्तम तेवढा आत घालायचा, असा रिवाज होता. त्यामुळे पिंप कधीच तळाला गेलं नव्हतं. "आजोबांचा थेंब अजून आत आहे," असं उस्ताद सांगत, आणि पाहुणे हातातला पेला जरा जपून धरत. यंदा खोऱ्यातल्या भट्टीवाल्यांचा संघ याच पिंपातला अर्क चाखून घराण्याला खोऱ्याची मोहोर, म्हणजे अस्सलपणाचा शिक्का, देणार होता.

अर्कच म्हणायचं बरं का. दारू म्हटलेलं उस्तादांना खपत नसे. एकदा नव्या पोस्टमननं "दारूवाल्यांचं घर हेच ना?" असं विचारलं. उस्तादांनी त्याला बसवून घेऊन फरक असा समजावला, की बिचारा परत जाताना दोन्ही शब्द उच्चारायला घाबरत होता.

कोठाराचं कुलूप शाबूत होतं. किल्ल्या दोनच. एक उस्तादांच्या कमरेला आणि दुसरी जावयाकडे.

अचानक ताप भरल्याचं सांगून उस्तादांनी परीक्षकांना फाटकावरूनच परत पाठवलं. पोलिसांना कळवायचा प्रश्नच नव्हता. घरातलं धुणं चव्हाट्यावर कोण धुणार? त्यांनी फौजदारबाईंना फोन लावला.

"चोर कोण ते मला माहीत आहे," ते म्हणाले. "तुम्ही या, आणि तुमच्या तोंडानं तेवढं सांगा."

२

फौजदारबाई निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण हुद्दा नावाला चिकटला तो चिकटलाच. उस्तादांच्या बायकोच्या त्या शाळेपासूनच्या मैत्रीण. मैत्रीण गेली, तरी या घराचं येणंजाणं सुटलं नव्हतं. अर्काचा थेंब मात्र त्यांनी जन्मात चाखला नव्हता. कुणी आग्रह केला तर म्हणायच्या, "माझ्या वाटणीचं चोरांनी आधीच पिऊन ठेवलंय."

दार उस्तादांच्या मुलीनं उघडलं. एकुलती एक. घरीदारी सगळे तिला ताई म्हणत.

"आलीस मावशी," ती म्हणाली आणि पिशवी घ्यायला वाकली. वाकली ती वर बघेचना.

"नवरा कुठाय तुझा?"

"अवजारांच्या खोलीत."

"काम करतोय?"

"राहतोय," ताई म्हणाली आणि पिशवी घेऊन आत गेली.

उस्ताद बाईंना तडक कोठारात घेऊन गेले. दार उघडलं आणि वासाचा लोट अंगावर आला. पिंप रिकामं होऊन दोन दिवस झाले होते, फरशी धुऊन घासून काढली होती, तरी बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. नखांचा रंग पुसायचं औषध असतं ना, तसला, नाकात सुई घातल्यासारखा वास. या वासापायी लोक संसार विकतात, बाईंच्या मनात आलं.

"येतोय ना अजून वास?" उस्ताद म्हणाले. "तुमचं सरकारी नाक. त्याला सवय नाही."

तोटीतून सांडलेलं सगळं फरशीच्या उतारानं मोरीत आणि मोरीतून बागेच्या चरात गेलं होतं. चराकाठचं गवत पिवळं पडलेलं बाईंनी खिडकीतून पाहिलं. मग त्यांचं लक्ष फळ्यांच्या भिंतीकडे गेलं. ती छतापर्यंत पोचत नव्हती; वर चांगली हातभर मोकळी जागा होती.

"पलीकडे काय?"

"लेबलं लावायची खोली. आदल्या दुपारी पिंप भरलेलं होतं; संध्याकाळभर मी तिथेच तर होतो."

"आणि तुम्हांला काहीच जाणवलं नाही?"

"रेडिओ चालू होता. वाहत्या धारेचा आवाज तो केवढा!"

"डोळा लागला असेल."

"छे! नाटक ऐकत होतो. शेवटपर्यंत. विधवा बहीण खुनी निघते. मला ते पहिल्याच अंकात कळलं होतं." क्षणभर उस्तादांना स्वतःचं कौतुक वाटलं. मग त्यांनी आवाज खाली आणला. "आपल्या घरातलंही तितकंच सोपं आहे, बाई. जावयाचे बूट मागच्या पायरीवर भिजलेले सापडले. आमच्या पिंपवाल्यानं उचलून हुंगले आणि म्हणाला, हा आपला अर्क."

३

बाकीचं बोलायला ते बाईंना आपल्या झोपायच्या खोलीत घेऊन गेले आणि दार लावून घेतलं. बाईंना वाटलं, नसतं लावलं तर बरं झालं असतं.

खोलीला वास येत होता. कोंदट म्हणावं तर त्याहून वाईट. काहीतरी सडल्याचा गोडसर, घशात उतरणारा वास. पलंगावरची चादर स्वच्छ होती, खिडकीत बायकोचा फोटो पुसलेला होता. बाईंनी रुमाल काढून नाकाशी धरला.

"सर्दी झाली का?" उस्तादांनी विचारलं.

"हो, जराशी."

मैत्रीण असती तर या खोलीला अशी कळा आली नसती, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांची त्यांनाच शरम वाटली. एखाद्याचं म्हातारपण किल्लीच्या भोकातून बघावं, तसं काहीतरी आपण करतोय असं वाटलं. त्या खुर्ची खिडकीकडे सरकवून बसल्या आणि वासाचा विषय मनातून काढून टाकला.

"गेल्या वर्षी जेवताना म्हणाला," उस्ताद सांगत होते, "निम्मी झाडं म्हातारी झालीत, काढून नवी लावू. आजोबांची झाडं! माझ्या ताटासमोर बसून. तेव्हाच ओळखलं मी. ज्याला झाडांची माया नाही, त्याला पिंपाची कुठून असणार? मोहोर मिळाली असती तर संघाच्या नियमानं एक झाड तोडता आलं नसतं कुणाला. म्हणून ओतलं."

"मुलगी काय म्हणते?"

"काहीच म्हणत नाही. म्हणजे तिलाही पटलंय."

"न बोलणं म्हणजे पटणं नव्हे, उस्ताद."

"उद्या सकाळी संघाची माणसं येणार आहेत. मी बोलावलंय." त्यांनी गुडघ्यावर हात आपटला. "अंगणात, सगळ्यांच्या देखत सांगणार, की माझ्या भट्टीत खोट नाही, माझ्या घरात चोर होता. आणि त्याच पावली त्याला फाटकाबाहेर काढणार."

४

अवजारांच्या खोलीत फावडी, करवती आणि फवारणीचे पंप यांच्यामध्ये एक लोखंडी खाट कशीबशी बसवली होती. जावई खाटेवर बसून छाटणीच्या कात्रीला तेल देत होता. बाईंना बघून उठला आणि एक डबा उलटा करून त्यांना बसायला दिला.

"किल्ली कुठे होती त्या संध्याकाळी?" बाईंनी विचारलं.

"माझ्याकडे. कोटाच्या खिशात."

"आणि कोट?"

"अंगात."

"दुपारपासून?"

"दुपारपासून."

"कोठारात गेला होतास?"

"बूट बघितलेत ना, मावशी?"

"तोटी तू उघडलीस?"

त्यानं कात्री दोनदा उघडझाप करून पाहिली. "तसं समजा."

"मी समजायला नाही आले, विचारायला आलेय."

"मग उत्तर दिलं असं समजा."

बाईंनी नोकरीत शेकडो माणसं खोटं बोलताना पाहिली होती. कुणाला घाम येतो, कुणी देवाची शपथ घेतो, कुणी उगाच चिडतो. हा माणूस मात्र द्यायची रक्कम मोजून ठेवावी तसा एकेक शब्द खाली ठेवत होता. त्या जायला उठल्या तेव्हा त्यानं पहिल्यांदाच आपणहून तोंड उघडलं.

"ती जेवली का?"

"विचारलं नाही."

"विचारा," तो म्हणाला. "बाबांसमोर बसते, पण घास गिळत नाही. ताटातलं इकडून तिकडे करते नुसती."

ज्याच्यावर उद्या सगळ्या खोऱ्यादेखत चोरीचा आळ येणार, त्याला आज बायकोच्या जेवणाची काळजी! बाईंना ते गोड वाटलं नाही. खटकलं.

५

पिंपवाला आपल्या छपराखाली एका पिंपाचे पट्टे ठोकून बसवत होता. पिंपं दुरुस्त करायची आणि हंगामात भट्टीला जाळ घालायचा, ही त्याची दोन कामं. त्यानं बाईंना चहा दिला आणि विचारायच्या आधीच सांगून टाकलं, की जावईबापू आपल्याला आवडत नाहीत.

"का बरं?"

"हसत नाहीत. विनोद सांगितला तर म्हणतात, पुढे काय झालं?"

"त्या संध्याकाळी कुठे होते ते?"

"वरच्या बांधावर, फांद्या छाटत. दुपारपासून दिवस मावळेपर्यंत मी मोळ्या बांधत होतो ना त्यांच्याबरोबर. गार वारा सुटलेला आणि हे नुसत्या शर्टावर. दात वाजत होते. मी म्हटलं कोट घाला, तर म्हणे, घरी खुंटीला आहे, कोण जाणार आणायला? मग काळोख पडल्यावर गेले एकदाचे." त्यानं एक ठोका घातला. "खरं सांगू का बाई, बूट दाखवले त्याचं मला आता वाईट वाटतंय. आवडत नाही म्हणून माणूस चोर होत नाही. पण बोलून बसलो."

बाईंचा कप हातातच राहिला. कोट घरी होता. म्हणजे किल्लीही घरी होती. सुटण्यासाठी खोटं बोलणारे त्यांना ठाऊक होते. पण अडकण्यासाठी खोटं बोलणारा हा पहिलाच.

"घेणार थोडा? थंडी आहे," पिंपवाल्यानं शेजारच्या लहान पिंपाचं बूच काढलं. "मागच्या हंगामातला आहे."

बाई नको म्हणायला तोंड उघडणार, तोच वास आला आणि त्या थांबल्या. उन्हात पिकून झाडाखाली पडलेल्या जर्दाळूचा वास. त्यांनी वाकून पुन्हा घेतला. डोळ्यांत पाणी नाही, सुई नाही, काही नाही.

"हा अर्क?"

"मग काय!"

"याला औषधासारखा वास कसा नाही येत?"

पिंपवाला हसला. "तो पहिल्या धारेचा. बाहेर लोक पहिल्या धारेची म्हणून मिशीवर ताव मारतात. आमच्याकडे पहिली धार ओतून टाकायची. डोकं धरतं, पोट उलटतं तिनं. ती कधी संपली आणि चांगली कधी सुरू झाली, ते नाकानं ओळखायचं आणि त्या क्षणी खालचं भांडं बदलायचं. आम्हां जाळ घालणाऱ्यांना धुरात तेवढं कळत नाही; उस्तादांसारखं नाक या खोऱ्यात नाही."

"आजोबांच्या पिंपात यंदाचा कुठला घातला होता?"

"पहिल्याच खेपेचा. मोहोर मिळणार म्हणून उस्तादांनी बादल्याच्या बादल्या घातल्या, रिवाजापेक्षा जास्त."

"भट्टीवर आणखी कोण असतं?"

"ताई असतात दर वर्षी. यंदा नव्हत्या, सासूबाई अंथरुणाला खिळल्या म्हणून तिकडे गेल्या होत्या. पिंप रिकामं झालं त्याच दिवशी सकाळी आल्या. बरंच झालं एका परीनं, त्यांना धूर सोसत नाही. खोकतात."

"सारख्या?"

"नाही हो, तीच तर गंमत. दिवसभर धुरात उभ्या राहतात, खोकतात एकदाच."

बाईंनी कप खाली ठेवला. त्यांना एकाएकी त्या झोपायच्या खोलीतला वास आठवला, आणि 'सर्दी झाली का' असं अगदी सहज विचारणारा उस्तादांचा चेहरा.

६

ताई खालच्या बांधावर झाडांच्या बुंध्यांना चुना लावत होती. बाई तिच्या शेजारच्या दगडावर बसल्या.

"तुझा नवरा माझ्याशी खोटं बोलला," त्या म्हणाल्या. "किल्ली कोटात आणि कोट अंगात, म्हणाला. कोट घरी खुंटीला होता. बाबा लेबलांच्या खोलीत होते. घरात कोण होतं, ताई?"

ब्रश बुंध्यावर टेकला तो तिथेच थांबला.

"आणखी सांगते. कोठारातला वास चांगल्या अर्काचा नाही. पिंपात पहिली धार गेली होती. खोऱ्यातलं सगळ्यात तयार नाक भट्टीपाशी असताना असं कसं होईल? तेच नाक त्या संध्याकाळी फळ्यांच्या पलीकडे जागं बसलेलं. पिंपभर अर्क वाहून गेला, मला दोन दिवसांनीसुद्धा उभं राहवेना, आणि त्यांना कळलंही नाही. ते खोटं बोलत असतील असं मला आधी वाटलं. पण ते खरं तेच सांगत होते. बाबांना वास—"

"हळू बोल, मावशी!" ताईनं आजूबाजूला पाहिलं. बागेत चिटपाखरू नव्हतं.

ती खाली बसली. हाताला चुना होता, तोच तिनं कपाळाला लावला.

"दोन वर्षांपूर्वी मोठा ताप आला होता त्यांना. त्यानंतर. मला कळलं तेव्हा ते एक बिघडलेली बाटली हुंगून वा वा म्हणत होते. मी काही बोलले नाही. हंगामात त्यांच्या शेजारी उभी राहिले. पहिली धार संपली, मला कळलं, आणि त्यांना कळेना. ते नुसते उभे. मला रडू यायला लागलं, ते दाबायला म्हणून खोकले. त्यांनी भांडं बदललं." तिनं श्वास घेतला. "त्यानंतर प्रत्येक खेपेला. आम्ही यावर एक अक्षर बोललो नाही."

"आणि यंदा तू नव्हतीस."

"फळ थांबत नाही ना, मावशी. मी आले आणि पिंप हुंगलं. दुसऱ्या दिवशी परीक्षक. त्यांच्यासमोर बाबा पेला नाकाशी नेणार, डोळे मिटणार आणि म्हणणार, 'आजोबा.' नेहमी म्हणतात तसं. आणि परीक्षक एकमेकांकडे बघणार. मला ते चित्र दिसायला लागलं. मी त्याच्या कोटातली किल्ली घेतली आणि तोटी उघडली. तोटी जुनी होती, आपोआप सुटली म्हणतील असं वाटलं. पण घाबरून पळाले, किल्ली दारातच राहिली. परत गेले तेव्हा दाराला कुलूप होतं."

"त्यानं लावलं."

"बागेतून आला असेल, दार उघडं बघून आत गेला असेल, तोवर पिंप रिकामं. बूट भिजले. आपली किल्ली दाराला बघितली आणि समजला. सवयीनं कुलूप लावून किल्ली खिशात टाकली. मलासुद्धा काही बोलला नाही."

"आणि सकाळी बाबांनी त्याला चोर म्हटलं, तेव्हा तू कुठे होतीस?"

"तिथेच होते."

"काय केलंस?"

ताईचा आवाज इतका बारीक झाला, की बाईंना पुढे वाकावं लागलं.

"चहा दिला. बाबांना, पिंपवाल्याला. त्यालाही दिला. त्यानं कप घेतला आणि 'साखर जरा कमी आहे' म्हणाला. म्हणजे कुणी माझ्याकडे बघू नये म्हणून."

बाई म्हणाल्या, "उद्या त्याला फाटकाबाहेर काढणार आहेत."

"मला माहीत आहे."

"मग?"

"नाही सांगता येणार, मावशी. बाबांच्या तोंडाकडे बघून नाही सांगता येणार मला."

७

दुपारी उस्ताद आपल्या खोलीत बसून उद्याच्या भाषणाची तयारी करत होते. बाई आत आल्या आणि दार लावण्याआधी त्यांनी खिडकी सताड उघडली.

"उस्ताद, जरा हे कपाट ओढू लागा."

"कशाला?"

"ओढा तर."

दोघांनी कपाट पुढे सरकवलं. मागे भिंतीच्या कोपऱ्यात एक भलामोठा उंदीर मरून पडला होता. फुगलेला, त्याला मुंग्या लागलेल्या. बाईंनी रुमाल नाकावर घट्ट दाबला, तरी त्यांना ओकारी आली.

उस्तादांनी उंदराकडे पाहिलं. मग बाईंच्या रुमालाकडे. मग पलंगाकडे, जिथे ते रोज झोपत होते.

त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल होत गेल्या, मग मान, मग सगळा चेहरा. एवढ्या मोठ्या माणसाला असं शाळकरी पोरासारखं लाल होताना बघणं बाईंना सोसेना. त्यांनी नजर खिडकीबाहेर नेली.

"इथे लोक येऊन बसले," उस्ताद अखेर म्हणाले. "काल संघाचे अध्यक्ष तापाची चौकशी करायला येऊन बसले होते. बाई, ते काहीच बोलले नाहीत."

"मी तरी कुठे बोलले?"

"कोणाकोणाला माहीत आहे?"

"मला. आणि आणखी एकीला."

उस्ताद पलंगाच्या कडेवर बसले. बाईंनी काही सांगायच्या आधीच त्यांचे डोळे हलू लागले. एकेक गोष्ट जोडत गेले. यंदाची पहिली खेप. शेजारी कुणी नाही. आपण अंदाजानं बदललेलं भांडं.

"नासका होता का?" त्यांनी विचारलं. "पिंपातला?"

"मला जाण नाही. पण कोठारात उभं राहवत नाही."

"म्हणजे मी आजोबांचं पिंप..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "आणि तिनं ओतलं. परीक्षकांच्या आधी."

बाईंनी मान डोलावली.

"ती खोकायची ना, मला वाटायचं तिला खरंच धुराचा त्रास होतो," उस्ताद म्हणाले. लगेच त्यांनी हात झटकला. "नाही. खोटं बोलतोय. मला माहीत होतं. मी वाट बघायचो त्या खोकल्याची. पोरीच्या खोकल्यावर पदकं घेतली, आणि वर सगळ्यांना सांगत हिंडलो, की नाक आजोबांचं आहे."

"जावयालाही समजलंय, तिनंच ओतलं. तो तिच्यासाठी गप्प आहे, ती तुमच्यासाठी."

"आणि मी त्याला अवजारांत झोपवलं."

"हो."

"मी त्याचं ताट बाहेर ठेवायला लावलं, बाई. तिच्याच हातानं."

त्यांनी कोपऱ्यातला कागद घेतला, खाली बसून उंदीर त्यात गुंडाळला आणि स्वतः बाहेर पुरायला घेऊन गेले. बाईंनी मदत करू का विचारलं, तेव्हा त्यांनी नुसतीच मान हलवली. नाही.

८

सकाळी अंगणात संघाची माणसं खुर्च्यांवर बसली होती. चोर कोण हे बघायला मिळणार, म्हणून दोनचार जास्तच आली होती. जावई भिंतीशी उभा होता, अंगात कोट, पायांशी बांधलेली पेटी. ताई स्वयंपाकघराच्या दारात.

उस्ताद उभे राहिले. भाषणाचा कागद त्यांनी आणलाच नव्हता.

"माझ्या घरात चोर नाही," ते म्हणाले. "मला वास येत नाही. दोन वर्षं झाली. यंदाची पहिली धार मी चुकीच्या वेळी तोडली आणि आजोबांचं पिंप माझ्या हातानं नासवलं. तुम्ही ते चाखलं असतं तर आजारी पडला असता. ते ओतून टाकलं हे बरं झालं. जावयावर मी आळ घेतला, तो खोटा."

कुणी हसलं नाही. हसले असते तर कदाचित बरं वाटलं असतं. सगळे आपापल्या बुटांकडे बघत राहिले. मग अध्यक्षांनी घसा साफ केला.

"आणि मागच्या दोन वर्षांचा अर्क? त्याला आम्ही पदकं दिली."

"तो माझा नव्हता. तो हिचा."

सगळ्या माना दाराकडे वळल्या. ताईनं चौकट धरली. आत जाईल असं बाईंना वाटलं. पण ती पायरी उतरून अंगणात आली.

"पिंप मी ओतलं," ती म्हणाली. आवाज फाटला, तिनं पुन्हा म्हटलं. "मी ओतलं. आणि त्याला चोर म्हणत होते तेव्हा मी गप्प बसले. ते बाबांनी सांगितलं नाही, म्हणून सांगते."

उस्ताद जावयापाशी गेले. एवढ्या माणसांसमोर त्यांनी हात जोडले.

"बसा बाबा," जावई म्हणाला. "गार वारा आहे." आणि त्यानं जवळची खुर्ची पुढे केली. उस्ताद तीत बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

मोहोर त्या वर्षी मिळाली नाही. अध्यक्ष जाताना म्हणाले, पुढल्या हंगामात ताईंच्या नावानं अर्ज करा. ते चांगल्या मनानंच म्हणाले. पण त्या घरात त्या दिवशी ते ऐकायला कुणाचेच कान मोकळे नव्हते.

निघायच्या आधी जावयाचा निरोप घ्यावा म्हणून फौजदारबाई अवजारांच्या खोलीकडे गेल्या. आतून बोलणं ऐकू आलं. चोरून ऐकणं वाईट, हे त्यांना कळत होतं. तरी पाय थांबले ते थांबलेच.

"मला सांगितलं असतंस, तर तोटी मी उघडली असती," जावई म्हणत होता.

"म्हणून तर नाही सांगितलं."

"मग नंतर गप्प का बसलीस?"

आत खाट करकरली.

"माहीत नाही," ताई म्हणाली. मग म्हणाली, "माहीत आहे. तू सहन करशील असं वाटलं. बाबांना झेपलं नसतं. तुला झेपेल असं वाटलं."

"ते कळलं मला," तो म्हणाला. "सगळ्यात जास्त तेच लागलं."

बाईंची मान खाली गेली. त्या निरोप न घेताच वळल्या आणि फाटकाच्या वाटेला लागल्या. मागून लोखंडी खाट फरशीवरून ओढल्याचा आवाज आला. ताई एकटीच ओढत होती. मधेच थांबत होती, पुन्हा ओढत होती. दारापाशी खाट कशाला तरी अडली. मग ओढण्याचा आवाज पुन्हा आला नाही. अंगणातून दोघांची जड पावलं, खाट उचलून, जोडीनं घराकडे गेली.